चाळिसाव्या तासाच्या शिरा

१० एप्रिल १९३२, रविवार

आज पेटी मांडली. एप्रिलचा दुसरा रविवार. हे शाळेत शिकवीत तेव्हा वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाले की हा रविवार यायचा आणि मग जूनपर्यंत मागची पडवी अंड्यांची. यांची शाळा सुटून चार वर्षे झाली, रविवार मात्र तोच राहिला. मी एकदा म्हटले होते, आता थंडीतही करता येईल, वेळच वेळ आहे. म्हणाले, हात उन्हाळ्यातच बसलाय.

पेटी साधी लाकडी. आत पाण्याचा डबा, खाली रॉकेलचा दिवा. अंडी आत ठेवून पारा फॅरेनहाइटच्या एकशे तीनवर राखायचा, म्हणजे कोंबडीवाचून अंड्यात पिल्लू धरू लागते. पण या दिवसांत आमचा दिवा क्वचितच लागतो. बाहेर एकशे आठ असते. उलट पेटीवर ओली गोणपाटे टाकून ती थंड करावी लागते. ते काम यांनी अजून मला दिलेले नाही. डोळ्यांना दिसत नसले तरी गोणपाट हाताला लागते, असे म्हणतात.

ठरल्या तासाला अंडे फोडायचे, बलक कोमट मिठाच्या पाण्यात सोडायचा, वरची टिकली कात्रीने कापून काचेच्या वाटीत घ्यायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. त्या एवढ्याशा टिकलीत पिल्लाच्या पाठीकडून हृदयाकडे रक्त आणणाऱ्या दोन शिरा तयार होतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. विलायतेच्या पुस्तकात त्या पन्नासाव्या तासाच्या सुमारास दिसतात असे आहे. आमच्या अंड्यांत त्या चाळिसाव्या तासालाच दिसतात. अकरा उन्हाळे दिसत आल्या आहेत. यांचा सगळा निबंध त्या दहा तासांवर उभा आहे. उष्ण मुलखातल्या कोंबडीच्या शिरा लवकर तयार होतात, हे आजवर कोणी लिहिलेले नाही.

निबंध फेब्रुवारीत मुंबईला पाठवला. तिथल्या विज्ञानविषयक त्रैमासिकाच्या संपादकांकडून अजून उत्तर नाही.

१४ एप्रिल, गुरुवार

पहिले अंडे. सकाळी आठला चाळीस तास भरले.

आता पाहायचे मी, सांगायचे मी आणि काढायचेही मी. चित्रे आधीपासून माझीच होती, पण पाहणे यांचे होते. उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी काचबिंदूने नेला, डावा गेल्या दिवाळीनंतर.

“काय दिसतंय?” यांनी विचारले.

“डावीकडची बारीक आहे. पिंपळाचं पान पाण्यात कुजवून जाळी करतात ना, त्यातल्या रेघेसारखी. मध्ये तुटल्यासारखी वाटते, पण तुटलेली नाही. उजवीकडची जाड. तिच्यात लाल ठिपके चाललेत, मुंग्यांची रांग कशी थांबत थांबत जाते, तसे.”

“शास्त्राच्या भाषेत सांग की.”

“शास्त्राच्या भाषेत मला दिसत नाही.”

हे हसले. मग माझी मुंग्यांची रांग त्यांनी मनाशी इंग्रजीत करून घेतली आणि मला वहीत लिहायला सांगितली. दिवाळीनंतर हे हसलेले मी मोजून दाखवू शकेन.

चित्र काढताना पुण्याची कॉन्व्हेंट आठवली. लांब थंड व्हरांडा, मेणाचा आणि खळीच्या कपड्यांचा वास. सिस्टर ऍग्नेस चित्रकला शिकवीत. मी एकदा जास्वंद काढली तर त्यांनी विचारले, पाकळ्या किती काढल्यास? मी म्हटले, पाच. तुझ्या जागेवरून किती दिसतात? तीन. मग दोन कोणाच्या? वडील रेल्वेत होते म्हणून मी त्या शाळेत गेले. लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा सासरी वाटे, या मडमेच्या इंग्रजीचा आणि चित्रांचा काय उपयोग.

पुढे पिल्लू मोठे होते तेव्हा या दोन शिरांचा बराचसा भाग सुकून जातो. दुसरी एक मोठी शीर उजव्या बाजूने वाढते आणि काम तिच्याकडे जाते. यांनी हे पहिल्यांदा सांगितले तेव्हा मला उगीच वाईट वाटले होते. आमचा मुलगा शरच्चंद्र राहिला असता तर आज तिशीचा असता. सूक्ष्मदर्शकाला त्याने डोळा लावला असता.

२२ एप्रिल, शुक्रवार

संध्याकाळी बसलिंगप्पा मास्तर आले. यांच्या शाळेत गणित शिकवीत.

“काय यज्ञेश्वरपंत, कोंबडी काय म्हणते?”

“वेळेच्या आधी येते म्हणते.”

“मग शाळेत घालू या की तिला. आमची पोरं घंटा झाल्यावर येतात.”

मास्तर वाचनालयाच्या समितीवर आहेत. निबंध छापून आला की यांचे व्याख्यान ठेवायचे त्यांनी ठरवले आहे. “विषय मी ठरवलाय. सोलापूरच्या कोंबडीनं विलायतेच्या कोंबडीला दहा तासांनी मागं टाकलं. स्वदेशीचे दिवस असे आहेत की नुसत्या नावावर सभागृह भरेल.”

“थट्टा करू नका,” हे म्हणाले, पण मास्तर गेल्यावर मला काळा कोट काढून उन्हात घालायला सांगितला. कसर लागली आहे का ते पाहा म्हणाले.

कसर लागली आहे. बाहीला दोन भोके. मी सांगितले, कोट चांगला आहे.

डावा डोळा गेल्यावर हे दोन महिने भिंतीकडे तोंड करून निजून होते. जेवायला उठवावे लागे. मग एके दिवशी मी जुन्या चित्रांची चळत यांच्यापुढे ठेवली आणि म्हटले, तुम्ही सांगा, मी लिहिते. तेव्हा उठून बसले. त्यांना कशाने उठवले ते मला ठाऊक आहे. निबंध परत आला तर हे पुन्हा भिंतीकडे वळतील आणि मग मी पुढे ठेवीन असे घरात काही उरलेले नाही. माझी भीती एवढीच आहे.

२८ एप्रिल, गुरुवार

पलीकडच्या सुंदरम्मा परसात येऊन म्हणाल्या, “बामणाच्या घरात अंडी. बरं, खात बी नाही. खाल्ली असती तर समजलं असतं.” मी म्हटले, मलाही.

एकशे दहा. शाई दौतीत आळते आहे.

३ मे, मंगळवार

मुंबईचे पत्र आले. आधी मनात वाचले. दोन पाने. पहिल्या पानावर निबंधाची स्तुती आहे, आकृत्या अत्यंत सुबक व विश्वासार्ह आहेत असे आहे, आणि छापण्याचा विचार चालू आहे असे आहे. दुसऱ्या पानावर एकच परिच्छेद. अंडी घातल्यापासून पेटीत ठेवीपर्यंत कोठे होती, किती दिवस, आणि तेथे उष्णता किती होती, हे लेखकाने कोठेच दिलेले नाही. तेवढे कळवावे, त्यावर सर्व अवलंबून आहे.

पहिल्यांदा मला तो प्रश्न बावळटपणाचा वाटला. कोठे असणार, टोपलीत. पण यांना मोठ्याने वाचून दाखवताना पहिले पान संपले आणि मनात आले, ती टोपली कोठे ठेवलेली असते हे आम्ही कधी विचारलेच नाही. मी खालची सही वाचली आणि पत्राची घडी घातली.

“एवढंच?”

“एवढंच.”

यांनी हात पुढे केला. मी पत्र दिले. बोटांनी चाचपले, घडी उलगडली, पुन्हा घातली.

“दोन पानं आहेत.”

“दुसऱ्यावर सही आहे आणि पत्ता.”

“बरं,” म्हणाले. मग पत्र परत दिले आणि खुर्चीत मागे टेकले. स्तुतीने माणूस दमतो, तसे झाले असावे.

४ मे, बुधवार

केराबाई अंडी घेऊन आली. धनगराची बाई, दोन कोसांवरच्या वाडीत राहते. अकरा वर्षे आमची अंडी तिच्याकडचीच.

“बाई, आदी पानी द्या. लई ऊन हाय.”

तिचे पाणी पिऊन झाल्यावर मी विचारले, “अंडी घातल्यापासून इथं आणीपर्यंत कुठं ठेवतेस गं?”

“कुटं म्हंजे? छपरात की. पाटीत भुसा घालून ठिवती.”

“किती दिवस?”

“दोन डजन झाल्याबिगर एवढं चालत कशाला येऊ? आट दिस, धा दिस.”

“छपराला काय आहे?”

“पत्रा. मालकानं हौसंनं घातला लगीन झाल्यावर. आता दुपारचं आत बसवत न्हाय. भाकरी पाटीत झाकली तर सांच्यापातूर ऊन ऱ्हाती.”

मी पाटीतले एक अंडे उचलून हातात तोलले. तिला वाटले मी रागावले.

“नासकी न्हाईत हां, बाई. पर उन्हाळ्यात हितल्या कोंबडीला कामच न्हाय बगा. नुसती अंडी घालायची, पुडचं पत्राच बगतो. मागं एक फुटलं तर आत लाल लाल दोरं. तुमास्नी कुटं खायाची हायत, म्हनून काय बोलले न्हाय.”

ती हसली. ती हसत होती म्हणून मीही हसले.

आमच्या सगळ्या वह्यांत तास पेटीत ठेवल्यापासून मोजलेले आहेत. पण त्या पत्र्याखाली दुपारच्या दुपारी अंड्यांत पिल्लू आधीच धरू लागत होते. दहा तास कोंबडीचे नव्हते, पत्र्याचे होते. थंडीत एकदा जरी केले असते तर दिसले असते.

तरीही मी स्वतःला म्हटले, पाहिल्याशिवाय कशाला. केराबाईला सांगितले, अंडी देणाऱ्या दोन कोंबड्या आठ दिवस माझ्याकडे ठेव. म्हणाली, “ठिवती की. पर मांजरावर ध्यान ऱ्हाऊ द्या.”

९ मे, सोमवार

कोंबड्या शनिवारी आल्या. परसात बांबूच्या डालग्याखाली आहेत. आज दुपारी दोघींनी अंडी घातली. ऊब जायच्या आत मी ती उचलली, पाण्याच्या रांजणाखालच्या ओल्या वाळूत ठेवली आणि चार वाजता पेटीत. बुधवारी सकाळी आठला चाळीस तास.

“परसात कोंबड्या कशाला?” यांनी विचारले.

“केराबाई गावाला गेली आहे. तिच्या आहेत, दोन दिवस.”

“बरं.” मग आत जाता जाता म्हणाले, “त्यांना सावलीत ठेव.”

११ मे, बुधवार

दोन्ही अंडी फोडली. एकावर भरवसा ठेवायचा नाही हे मला यांनीच शिकवले.

पहिल्यात हृदय उडत होते. पाठीच्या दोन्ही कडांना काही नाही. धुतलेल्या काचेसारखे स्वच्छ. मी भिंग वरखाली केले, वाटी फिरवली, डोळा बदलला. दुसऱ्यातही तेच. अकरा वर्षांत इतके स्वच्छ मी कधी पाहिले नव्हते.

हे माझ्याजवळच्या खुर्चीवर बसले होते, हात मेजावर.

“काय दिसतंय?”

एवढा वेळ मी काय बोलायचे ते ठरवले नव्हते. तोंडातून आले, “पोस्टिरियर कार्डिनल व्हेन्स, बोथ साइड्स, डिस्टिंक्टली व्हिजिबल.” त्या दोन शिरांचे पुस्तकातले नाव घेऊन सांगितले, अडखळले नाही. कॉन्व्हेंटमध्ये धडा म्हणावा तसे स्वच्छ आले.

“परत सांग.”

मी परत सांगितले, तेच शब्द.

“दुसऱ्यात?”

“सेम.”

यांनी मान हलवली. “काढ.”

मी काढले. गेल्या वर्षीच्या चाळिसाव्या तासाचे चित्र माझ्या हाताला पाठ आहे. पिंपळाच्या जाळीची डावी रेघ, उजवी जाड. पेन्सिल कागदावर चालल्याचा आवाज यांना ऐकू यावा म्हणून थोडा जोर देऊनही काढले. मी आयुष्यात खोटे बोलले नाही असे नाही, पण हाताने खोटे काढले ते आज. काचेखाली त्या पिल्लाचे हृदय अजून उडत होते.

“झालं?”

“झालं.”

“बरं. पुरे आज.” वहीत नोंद कर, तास लिही, पारा लिही, नेहमीचे काही म्हणाले नाहीत. आत जाऊन बसले. चेहरा शांत होता. यांनी मानले, एवढे मला पुरे. संपादकांना काय कळवायचे ते मी पाहीन. अंडी ताजी होती, थंड जागी होती, असे एक वाक्य. कोण येतो पत्रा पाहायला.

दुपारभर माझ्या हाताला मिठाच्या पाण्याचा वास येत होता. धुतला तरी.

१३ मे, शुक्रवार

सकाळी चहा झाल्यावर हे म्हणाले, “मुंबईचं पत्र आण. दुसरं पान वाच.”

मी आणले. वाचले. आवाज मला माझा वाटला नाही.

“केराबाई काय म्हणाली?”

सगळे सांगितले. पाटी, भुसा, पत्रा, भाकरी, लाल दोरे. हे ऐकत होते. मध्ये एकदा विचारले, “पत्रा केव्हापासून?” मी म्हटले, तिचे लग्न झाल्यापासून, आपल्याकडे अंडी आणायच्या आधीपासून.

“म्हणजे पहिल्या दिवसापासून.”

“हो.”

“मी पेटीवर गोणपाट टाकत बसलो.” मग म्हणाले, “अर्ध्या अंशाचा फरक पडला तर अंडं टाकून देत होतो. पाटीत हात घालून पाहिला नाही एकदाही.”

मला बोलायचे होते की शिरा तर खऱ्या आहेत, चित्रे तर खरी आहेत, थंडीत आपण पुन्हा करू. बोलले तेव्हा एवढेच आले, “थंडीत परत मांडू.”

“मला त्रेसष्ट झाली. आणि डोळे तुझे एकटीचे आहेत.”

“तुम्हाला कसं कळलं? बुधवारचं?”

“तू इंग्रजीत सांगितलंस.”

यात काय कळण्यासारखे होते ते मला समजले नाही. इंग्रजी तर बरोबर होते. मी पुढे विचारले नाही.

मग त्यांनी पत्र सांगितले आणि मी लिहिले. निबंध परत घेत आहे. अंडी पेटीत ठेवण्यापूर्वी आठ-दहा दिवस तापलेल्या जागी होती. पिल्लांच्या वयाचे सर्व आकडे त्यामुळे चुकीचे आहेत. चूक सर्वस्वी माझी. हे थांबून थांबून सांगत होते, वर्गात फळ्यावर उतरवून द्यावे तसे. शेवटी म्हणाले, “आता लिही. आकृत्या माझ्या पत्नीने काढल्या आहेत. त्यांतली एकही रेघ न पाहता काढलेली नाही. तास चुकले आहेत, आकृत्या नाहीत. कोणास उपयोग झाल्यास त्या वापराव्यात.”

मी लेखणी ठेवली. “ते वाक्य नको.”

“का?”

मी बुधवारचे चित्र वहीखाली सरकवले. यांनी चाचपत माझे मनगट धरले.

“अकरा वर्षांच्या आहेत त्या. परवाची मी धरलेली नाही.”

मी ते वाक्य लिहिले. सही करताना त्यांचा हात मी कागदावर नेऊन ठेवला, तरी शेवटची अक्षरे कागद सोडून मेजावर गेली. मी लिफाफा बंद केला, पत्ता घातला आणि डोक्यावर पदर घेऊन स्वतः टपालकचेरीत गेले. रस्त्यात माणूस नव्हता. टपालपेटीत पत्र टाकताना तिचे लोखंड हाताला भाजले.

परत आले तेव्हा हे आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून निजले होते. मी म्हटले, पत्र टाकले. “ऐकलं,” म्हणाले. वळले नाहीत.